जुनी ब्रिटिश ट्विन पुन्हा रस्त्यावर

शेजारी-शेजारी उभे दोन सिलिंडर, त्यांत एकदम वर जाणारे आणि एकदम खाली येणारे दोन पिस्टन, पण पेट मात्र आळीपाळीने. 'पॅरलल ट्विन' नावाचे हे इंजिन १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची चाळीसेक वर्षे ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाचा कणा होते. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, एजेएस, मॅचलेस, एरियल, रॉयल एनफिल्ड या सगळ्यांनी ते बनवले. 'जुनी इंग्रजी गाडी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जी गाडी येते ती पुष्कळदा याच इंजिनाची असते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर, चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात आणि उसाच्या टापूत अशी गाडी पुन्हा उभी करायची तर कोणती कामे जवळपास होतात, कोणत्या कामांना सातासमुद्रापलीकडे हात पसरावा लागतो आणि कुठे हात आवरता घ्यावा लागतो, हा या लेखाचा विषय आहे. मात्र त्याआधी यंत्राचा जन्म समजून घ्यायला हवा. पुनरुज्जीवनात पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींची मुळे मूळ आराखड्यातच आहेत.

स्पीड ट्विन आणि तिचे कूळ

या आराखड्याचे श्रेय एडवर्ड टर्नर यांना जाते. ब्रिटनमधली पहिली पॅरलल ट्विन मात्र त्यांची नव्हती. व्हॅल पेज यांनी १९३३ मध्ये ट्रायम्फसाठीच '६/१' ही ६५० सीसीची ट्विन काढली होती. ती दणकट होती, पण जडही होती, आणि ती फारशी खपली नाही. १९३६ मध्ये जॅक सँगस्टर यांनी कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फचा मोटारसायकलींचा धंदा विकत घेतला आणि टर्नर यांच्या हाती सोपवला. एरियलची चार सिलिंडरांची 'स्क्वेअर फोर' आखणारे टर्नर ते हेच. १९३७ मध्ये त्यांची 'फाइव्ह-टी स्पीड ट्विन' जाहीर झाली : ४९८ सीसी, ६३ मिलिमीटरचा बोअर, ८० मिलिमीटरचा स्ट्रोक, रंग गडद लाल, किंमत ७५ पौंड. कंपनीच्याच 'टायगर ९०' या एक-सिलिंडरी गाडीपेक्षा ती जेमतेम ५ पौंडांनी महाग होती आणि ताशी ९० मैलांच्या घरात पळत होती.

इंजिन इतके आटोपशीर होते की बाजूने पाहणाऱ्याला ते दोन सायलेन्सरांची एक-सिलिंडरी गाडी वाटावे. नव्या गोष्टीला बिचकणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी परकी वाटली नाही. तिच्या यशात या रूपाचा वाटा इंजिनाच्या ताकदीइतकाच मोठा मानायला हवा.

रचना अशी : क्रँकच्या दोन्ही पिना एका रेषेत असतात, त्यामुळे दोन्ही पिस्टन जोडीने चालतात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. एकाची पाळी एका फेरीला, दुसऱ्याची पुढच्या. म्हणजे दर फेरीला एक समान अंतराचा ठोका मिळतो, आणि या ट्विनचा आवाज एक-सिलिंडरीपेक्षा सलग वाटतो तो यामुळेच. दोन कॅमशाफ्ट, एक पुढे आणि एक मागे, गिअरांनी फिरतात, आणि पुशरॉड सिलिंडरांच्या मधल्या उभ्या नळ्यांतून वर जातात. या नळ्यांची खालची-वरची सीलं आणि उभ्या फाकीत जोडलेले क्रँककेस ही तेल गळण्याची दोन कायमची ठिकाणे. ब्रिटिश गाड्यांच्या तेलगळतीची टिंगल सगळेच करतात, पण तिचे कारण कारागिरांच्या आळसापेक्षा या सांध्यांच्या संख्येत अधिक आहे.

दुसरा दोष थरथरीचा. दोन्ही पिस्टन एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी उलटतात, म्हणून एकाचे वजन दुसऱ्याला तोलत नाही. तोल सांभाळायला क्रँकवर प्रतिभार ठेवतात, पण तो पिस्टनांच्या वर-खाली धक्क्याचा काही भागच खोडून काढतो, आणि जितका खोडतो तितका धक्का पुढे-मागे निर्माण करतो. ५०० सीसीला हे चालून गेले. पुढे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी इंजिने ६५० आणि ७५० वर गेली तशी थरथर हाताच्या बोटांत उतरू लागली, बल्बांच्या तारा तुटू लागल्या, मडगार्डच्या पट्ट्यांना तडे जाऊ लागले.

१४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना उद्ध्वस्त झाला, आणि ट्रायम्फने १९४२ पासून मेरिडन येथे नवा संसार मांडला. युद्ध संपताच बाकीचे कारखाने ट्विनच्या मागे लागले. बीएसएची 'ए-सेव्हन' १९४६ मध्ये आली आणि नॉर्टनची 'डॉमिनेटर' त्यानंतर दोन-तीन वर्षांत. 'डॉमिनेटर' बर्ट हॉपवुड यांनी आखली होती. एजेएस-मॅचलेसने क्रँकला मध्यभागी तिसरे बेअरिंग दिले. ट्रायम्फची ६५० सीसीची 'थंडरबर्ड' सप्टेंबर १९४९ मध्ये फ्रान्सच्या माँल्हेरी धावपट्टीवर उतरली. तीन गाड्या प्रत्येकी ५०० मैल, ताशी ९० मैलांहून अधिक सरासरीने धावल्या. १९५६ मध्ये जॉनी ॲलन यांनी अमेरिकेतल्या बॉनेव्हिल मिठागरावर ट्रायम्फ इंजिनाच्या लांबट आवरणातल्या वाहनात ताशी २१४ मैल गाठले, आणि १९५९ च्या नव्या 'टी-१२०' ला त्याच जागेचे नाव मिळाले. 'बॉनेव्हिल' हे पुढे या सगळ्या कुळाचेच नाव होऊन बसले. थरथरीवर सर्वांत चांगला तोडगा नॉर्टनने १९६७ मध्ये 'कमांडो'त काढला : इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा फोर्क एकत्र बांधून ती सगळी जुळणी रबरांवर तोलली, म्हणजे धक्के स्वारापर्यंत पोचतच नाहीत. तो तोडगा होता हुशारीचा, पण दुखणे मुळातले होते आणि ते तसेच राहिले.

१९६९ मध्ये होंडाची चार-सिलिंडरी 'सीबी ७५०' आली. बटणावर सुरू होणारी, तेल न गळणारी, पुढे डिस्कब्रेक असलेली. तिच्यापुढे ब्रिटिश कारखाने टिकले नाहीत. बीएसए १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोलमडली आणि 'कमांडो' त्याच दशकात थांबली. मेरिडनच्या कामगारांनी सहकारी संस्था करून काही वर्षे कारखाना चालवला, पण १९८३ मध्ये तोही बंद पडला.

भारतातली वाट

भारतात ब्रिटिश मोटारसायकली मोठ्या संख्येने आल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने. बीएसएची 'एम-२०', मॅचलेसची 'जी-३ एल', नॉर्टनची '१६-एच' या सगळ्या एक-सिलिंडरी लष्करी गाड्या. युद्धानंतर जादा सामान 'डिस्पोजल'मध्ये निघाले तेव्हा त्या लिलावांतून गाड्या नागरी हातांत गेल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाचा कारखाना सुरू झाला आणि आयातीचे दार आवळले गेले, तसे देशाने 'बुलेट'लाच इंग्रजी गाडी मानले. ट्विन मात्र नेहमीच महाग आणि म्हणून दुर्मीळ राहिली. पुढे १९८० च्या दशकात आलेल्या 'राजदूत ३५०' आणि येझदीच्या ट्विन या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या. त्यांचे कूळ वेगळे.

धाराशिव जिल्हा, जुन्या नावाने उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली ती नळदुर्गच्याच वाटेने, आणि हा रस्ता आजही उमरग्यावरून हैदराबादेला जातो. इथल्या जुन्या गाडीच्या कागदांची साखळी म्हणून गुंतागुंतीची असते. संस्थानी कारभार उर्दूत चाले, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी क्रमांकांची पद्धत बदलून जिल्ह्याला 'एमएच २५' मिळाला. प्रत्येक टप्प्यावर नोंद पुढे सरकली असेल तरच गाडीची ओळख आज शाबीत होते. जुना कागद फेकून देणे म्हणजे अर्धी गाडी फेकून देणे, हे इथे शब्दशः खरे आहे.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी उद्योगाच्या अंगानेही संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कितीतरी कारखाने वाढले. बजाज आणि ट्रायम्फ यांच्या भागीदारीतून २०२३ पासून चाकणला ट्रायम्फच्या गाड्या तयार होतात. त्या ३९८ सीसीच्या आणि एकाच सिलिंडरच्या आहेत. त्याआधी, २०१७ मध्ये, पुण्याच्या कायनेटिक समूहाने नॉर्टनशी करार करून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या कारखान्यात 'कमांडो' जोडायचे ठरवले होते. २०२० मध्ये नॉर्टन दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि होसूरच्या टीव्हीएसने ती विकत घेतली. जुन्या ट्विनचा भारतातला खरा वारस चेन्नईचा आहे : रॉयल एनफिल्डचे ६४८ सीसीचे इंजिन, २०१८ पासून विक्रीत. त्याच्या क्रँकच्या पिना २७० अंशांनी सरकवलेल्या आहेत, त्यामुळे एक पिस्टन थांबतो तेव्हा दुसरा भर वेगात असतो आणि जुनी थरथर बरीच शमते.

उकलण्याआधी

पुनरुज्जीवनाची सुरुवात पान्यापासून करू नये. आधी क्रमांक पाहावेत. ट्रायम्फच्या इंजिनावर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या तळाशी, मॉडेलचे अक्षर आणि क्रमांक ठोकलेला असतो. १९५० च्या दशकापासून तोच क्रमांक चौकटीवरही असतो. ठोकलेल्या आकड्यांखालचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला दिसला, की कोणीतरी एका गाडीचे इंजिन दुसऱ्या चौकटीत बसवले असण्याची शंका घ्यावी. ट्रायम्फच्या कारखान्यातून कोणती गाडी कधी आणि कुठे रवाना झाली याच्या नोंदवह्या ब्रिटनच्या व्हिंटेज मोटार सायकल क्लबकडे जपलेल्या आहेत, आणि क्रमांकावरून तिथून दाखला मिळतो.

मग फोटो. प्रत्येक तार, प्रत्येक पाइप, प्रत्येक वॉशर कुठे होता याचे. उत्साहात पहिल्याच दिवशी सगळी गाडी सुटी करून पोत्यांत भरली की ती गाडी बहुधा पोत्यातच राहते.

पान्यांचा प्रश्न इथल्या गॅरेजला पहिला दणका देतो. गॅरेजातला संच मिलिमीटरचा असतो आणि या गाड्यांचे नट व्हिटवर्थ मापाचे असतात. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटच्या तोंडाचा नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ नटाचे तोंड १३.३ मिलिमीटरचे : १३ चा पाना आत जात नाही, १४ चा फिरून कोपरे खातो. आट्यांचाही तोच प्रकार. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, मिलिमीटरी आट्याचा ६०. 'बसतोय तर बसवू' म्हणून एक बोल्ट जबरदस्तीने आवळला की ॲल्युमिनियमचे क्रँककेस आटे सोडते, आणि मग त्या भोकात स्प्रिंगचे आटे बसवण्याचे नवे काम निघते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन गाड्या अशा खराब होतात. व्हिटवर्थ पान्यांचा संच आधी घ्यावा.

इंजिन

बोअरिंगचे काम जिल्ह्याला परके नाही. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विजेआधी विहिरीवर डिझेल इंजिन बसले. त्या इंजिनांच्या दुरुस्तीवर मराठवाड्यात आणि सोलापूर परिसरात लेथवाल्यांची पिढी घडली. लायनर काढणे, बोअर वाढवणे, होनिंग करणे, क्रँक घासणे ही कामे त्यांच्या हातची आहेत. हातात मायक्रोमीटर असतो, आणि जुनी मंडळी अजून 'थाऊ'त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात. ब्रिटिश गाडीला हेच माप लागते. पिस्टन मूळ मापापेक्षा १०, २०, ३०, ४० थाऊ मोठे मिळतात आणि बोअर त्या पिस्टनाच्या मापाने कापावा लागतो. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नये, ही एकच अट लेथवाल्याला बजावून सांगावी लागते.

क्रँकमध्ये एक जागा मात्र इथल्या बहुतेक मेकॅनिकने पाहिलेली नसते. या गाड्यांत आजच्यासारखा कागदी तेलफिल्टर नसतो. क्रँकच्या पोटात, मोठ्या पिनांच्या आत, एक पोकळ नळी असते. क्रँक फिरताना तेलातला जड गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि या नळीत साचतो. शेवटचा प्लग पंच मारून कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तिथे काही उघडता येते असेही वाटत नाही. पंचाची खूण ड्रिलने काढून, थोडी उष्णता देऊन, प्लग फिरवला की नळी बाहेर येते आणि तिच्यातला गाळ दिसतो : काळ्या रानातल्या मातीचा वाळलेला ढेकूळ वाटावा इतका घट्ट. वर्षानुवर्षांच्या धातूच्या चुऱ्याने आणि जळक्या तेलाने तो झालेला असतो. नळी तशीच ठेवून क्रँक घासला, नवी बेअरिंगे बसवली आणि चांगले डिटर्जंट तेल भरले, तर ते तेल गाळ सैल करून सरळ नव्या बेअरिंगांत नेते. काही शे मैलांत इंजिन पुन्हा उघडावे लागते. पूर्ण पुनरुज्जीवनात एखादीच गोष्ट सक्तीची मानायची झाली तर ती हीच.

क्रँकच्या दोन टोकांची बेअरिंगे इंची मापाची असतात आणि ती ॲल्युमिनियमच्या भिंतीत घट्ट बसतात. हातोड्याने ठोकून बसवण्याची सवय मोडावी. क्रँककेस भट्टीत किंवा ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवले की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते आणि बेअरिंग हाताने अलगद आत जाते. कनेक्टिंग रॉड मिश्रधातूचे असल्याने त्यांचे बोल्ट नवेच घालावेत. जुना बोल्ट ताणून लांबलेला असतो आणि तुटला तर क्रँककेसला भगदाड पाडतो.

हेडमध्ये व्हॉल्व्ह गाइड आणि सीट तपासतात. भारतात शिसेविरहित पेट्रोल २००० पासून सार्वत्रिक झाले. जुन्या बिडाच्या सीटांना शिशाचा लेप मिळत असे, तो आता मिळत नाही. हळू चालणाऱ्या गाडीत त्याने लगेच नुकसान होत नाही, पण हेड उघडलेच आहे आणि सीट खोल गेली आहे, तर कठीण धातूची सीट बसवून घेणे शहाणपणाचे. 'बॉनेव्हिल'ला थंड इंजिनावर टॅपेटची फट इनलेटला २ थाऊ आणि एक्झॉस्टला ४ थाऊ ठेवतात. इथे मेकॅनिकच्या सवयीची मोठी फट ठेवली तर टकटक वाढते आणि कॅमचा मूळ आकार वाया जातो.

तेलाची व्यवस्था 'ड्राय संप'ची : तेल सीटखालच्या वेगळ्या टाकीत असते. पंपाची एक बाजू ते इंजिनाला देते, दुसरी थोडी मोठी बाजू खाली साचलेले तेल परत टाकीत आणते. इंजिन सुरू झाल्यावर टाकीचे झाकण उघडून आतल्या नळीतून तेल फुसफुसत परत येते आहे की नाही हे पाहण्याचा रिवाज आहे. हवेचे बुडबुडे मिसळलेली ती धार दिसली की पंप काम करतो आहे. दिसली नाही तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे.

वीज आणि पेट्रोल

१९५० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक ट्विनमध्ये ठिणगी लुकासच्या मॅग्नेटोची. या मॅग्नेटोच्या आतला कंडेन्सर आणि गुंडाळीवरचा लाखेचा थर उष्णतेला दबतात. गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होते, तासभर चालून दुपारी बंद पडते, आणि पार गार झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. मे महिन्यात परंड्याच्या किंवा भूमच्या रस्त्यावर हा आजार हटकून दिसेल. कार्बोरेटरशी झगडत बसण्यात अर्थ नसतो. गुंडाळी नव्याने करून कंडेन्सर बदलावा लागतो. आणखी एक बाब : जुन्या लुकास व्यवस्थेत बॅटरीचे धन टोक चौकटीला जोडलेले असते. इथला इलेक्ट्रिशियन सवयीने ऋण टोक चौकटीला देतो आणि डायनॅमोचा रेग्युलेटर किंवा पुढच्या मॉडेलांतला रेक्टिफायर जळतो. बॅटरीजवळ एक पाटी लावून ठेवलेली बरी.

कार्बोरेटर अमलचा. अमल आजही इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला बनतात. जस्ताच्या मिश्रधातूची स्लाइड आणि तिचे घर झिजून सैल झाले की गाडी मंद वेगात कधीच स्थिर राहत नाही, मग कितीही स्क्रू फिरवा. नव्या कार्बोरेटरवर खर्च करणे हेच स्वस्त पडते.

पेट्रोलचा प्रश्न इथल्या मातीशी जोडलेला आहे. धाराशिव साखर कारखान्यांचा जिल्हा : ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर. उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल आज देशभरच्या पेट्रोलमध्ये जाते, आणि २०२५ मध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. १९५० च्या गाडीला मात्र त्याची सवय नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, टाकीच्या तळाला पाणी साचून पत्रा गंजतो, नळाचे बूच-कॉर्क आणि जुने रबर फुगते किंवा कडक होते, टाकीच्या आत लावलेले जुने लेप सुटून जेटमध्ये अडकतात. इथेनॉलला सहन करणारी सीलं आणि पाइप बसवणे, आणि गाडी काही आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करणे, हे दोन उपाय पुरतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. उलट हे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर उंच असल्याने हवा थोडी विरळ आहे आणि त्याने मिश्रण किंचित घट्ट होते. दोन्ही मिळून मेन जेट एखाद-दोन माप मोठा ठेवावा लागतो. अखेरचा निर्णय प्लगच्या रंगावर : पांढुरका असेल तर जेट मोठा करावा, काजळी धरत असेल तर लहान, मातकट तपकिरी आला की थांबावे.

चौकट, चाके, रंग

चौकट सरळ आहे की नाही हे दोरी आणि ओळंबा लावून पाहता येते. १९ इंची चाकांचे टायर बुलेटच्या मापात सहज मिळतात, स्पोक तयार करून घेता येतात, ब्रेकची अस्तरे नवी चिकटवून मिळतात. एका भागापासून मात्र दूर राहावे : १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायम्फने मागच्या चाकाच्या हबमध्येच सस्पेन्शन भरले, त्याला 'स्प्रंग हब' म्हणतात. आतल्या स्प्रिंगा प्रचंड दाबाखाली बांधलेल्या असतात. खास साधन नसताना तो डबा उघडला तर तुकडे माणसाच्या अंगावर येतात.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडे हात सैल सुटतो. टाकीचे पोचे काढणे, निकेलवर क्रोम चढवणे, पेंटिंग ही कामे सोलापूर-पुण्याला चांगली होतात, पण सगळे काही चकाकवण्याचा मोह आवरावा लागतो. मूळ कारखान्यात बऱ्याच मॉडेलांची चौकट काळ्या भट्टीच्या रंगाची होती आणि कित्येक बोल्ट फक्त काळपट मुलाम्याचे. मूळ रंग थोडा फिकट झालेला पण शाबूत असेल तर तो ठेवणे हेच खरे पुनरुज्जीवन. पुसून टाकलेला मूळ रंग कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

नोंदणी आणि पहिला प्रवास

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चौकट किंवा इंजिन बदललेले नसलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. ट्विनच्या चौकटीत बुलेटचे इंजिन बसवलेली गाडी इथेच बाद होते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे येतात, त्यामुळे जिल्ह्याचा '२५' त्यात दिसत नाही. आधी नोंदवलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, आणि वर सांगितलेल्या कागदांच्या साखळीची किंमत इथे कळते. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

नव्या पिस्टनांना पहिले पाचशे मैल जपून न्यावे लागते : थ्रॉटल निम्म्याच्या आत, एकाच वेगात फार वेळ न रेंगाळता, आणि कमी वेगात वरचा गिअर टाकून इंजिन दामटायचे नाही. सोलापूरहून तुळजापूरचा घाट म्हणून पहिल्या दिवसांत टाळावा. चढावर, उन्हात, पूर्ण ओझ्याने चालणारे नवे पिस्टन बोअरला धरतात. तुळजापूर ते धाराशिवचा पठारी रस्ता, किंवा नळदुर्ग ते उमरगा, यासाठी सोयीचा. गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे नवे नाही, पण आजच्या गाडीवरून थेट उतरलेल्याचा पाय पहिल्या चौकात चुकतो.

पाचशे मैलांनंतर हेडचे बोल्ट पुन्हा ठरल्या क्रमाने आवळावेत, टॅपेट तपासावे, तेल बदलावे. पुढे दर हजार-दीड हजार मैलांना तेल. फिल्टर नसल्यामुळे हे अंतर वाढवता येत नाही. गाडी महिनाभर उभी राहिली तर पंपाच्या झडपेतून तेल हळूहळू टाकीतून क्रँककेसमध्ये उतरते. तशीच किक मारली तर निळा धूर येतो आणि दाबाने सीलं फुटतात. म्हणून आधी खालचा प्लग काढून ते तेल भांड्यात घ्यावे, स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत ओतावे, प्लग नव्या वॉशरसह बसवावा आणि मग कार्बोरेटरवरचे 'टिकलर' हे बटण दाबून किक मारावी.